बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका



गेली अठ्ठावीस वर्षे मी लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांतून हिंडतो आहे. बियाणे कोणते घ्यावे, फवारणी किती करावी, हळदीला पाणी केव्हा द्यावे हे सांगणे हा माझा व्यवसाय. आज मात्र पिकाविषयी नव्हे, माणसाविषयी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण माझ्याच घरात जे घडले त्यावरून जे शिकलो, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते तुमच्यापुढे मांडले नाही तर माझ्या नोकरीला अर्थ नाही असे वाटते.

दोन वर्षांपूर्वीची वेळा अमावास्या. अहमदपूर तालुक्यातले आमचे शेत. कडब्याची कोप उभारलेली, पांडवांची पूजा झालेली, भज्जी, उंडे, तिळाची पोळी आणि माठभर आंबील. गोतावळा सगळा रानात. जेवणे झाल्यावर माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, कोपीच्या सावलीला कलंडले. थोड्या वेळाने पुतण्याने हाक मारली तर ओ नीट येईना. शब्द जड झालेले. आम्ही हसलो. "आंबील चढली दादाला," असे मीच म्हणालो. आंबील पिऊन सुस्ती येते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. झोपू द्या म्हणून सांगितले आणि सगळे गप्पांत रमले.

दिवस कलल्यावर दादा उठायला गेले ते उजव्या अंगावर कोसळले. हात लुळा, तोंड वाकडे. तेव्हा धावपळ झाली. लातूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सहा तास होऊन गेले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बी.पी.ची गोळी चालू होती का?" आणि दुसरा, "त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

गोळी का सुटली?

दादांचा रक्तदाब वाढलेला आहे हे त्याआधी दीड वर्ष गावातल्या आरोग्य शिबिरात कळले होते. वरचा आकडा १६८, खालचा १०२. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी मिळाली, रोज एक. दोन महिन्यांनी आकडा १३२ आणि ८४ वर आला. दादा खूष झाले. खूष झाले आणि तिथेच घात झाला.

मृगाची पेरणी आली, पाळ्या आल्या, तणनाशके आली. आरोग्य केंद्रात जायला सवड मिळेना. गोळ्या संपल्या. चार दिवस काही झाले नाही, आठ दिवस काही झाले नाही. दादा म्हणाले, "आता बरं वाटायलंय की. आकडा बी खाली आला. कशाला जल्मभर गोळ्या खायच्या?" पुढे आठवड्याच्या बाजारात एकाने झाडाच्या मुळीचे चूर्ण दिले. सर्पगंधेचे आहे, बी.पी. मुळापासून जातो, असे सांगून. दादांनी ते कधी घेतले, कधी विसरले.

हे सगळे मला नंतर कळले. बंधूंनो, मी दर हंगामात सभेत उभा राहून सांगतो की औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचा. त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा ते बघा. नाव-तारीख नसलेली पुडी शेतात आणू नका. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या उशाशी नाव नाही, तारीख नाही, प्रमाण नाही अशी पुडी होती. मी ती एकदाही उचलून पाहिली नव्हती.

रक्तदाब म्हणजे काय?

ठिबकचा संच ज्याच्या शेतात आहे त्याला रक्तदाब समजायला अवघड नाही. हृदय म्हणजे मोटार. रक्तवाहिन्या म्हणजे मुख्य नळी, उपनळी आणि शेवटच्या बारीक नळ्या. मोटार पाणी ढकलते तेव्हा नळीच्या आतल्या बाजूवर दाब पडतो. तो ठराविक हवा. कमी पडला तर शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. जास्त झाला तर? पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. उलट पाणी जोरात येते म्हणून आपण समाधानी असतो. पण महिन्या-दोन महिन्यांनी कुठे जोड सुटतो, कुठे नळी फुगते, कुठे फुटते.

शरीरातही तसेच. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते सैल पडते तेव्हाचा. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत राहिला तर रक्तदाब वाढलेला आहे असे डॉक्टर धरतात. बहुतेकांना त्याने काहीही होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मरत नाही. माणूस नांगर धरतो, पोते उचलतो. आणि आत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या बारीक नळ्या झिजत असतात. म्हणून "मला काही त्रास नाही, म्हणजे मला बी.पी. नाही" हे म्हणणे म्हणजे पानाच्या वरची बाजू हिरवी दिसते म्हणून खाली तुडतुडे नाहीत असे म्हणण्यासारखे आहे. पान उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. रक्तदाबही मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि हा शहरातल्या बैठ्या माणसांचा रोग आहे अशी समजूत असेल तर तीही काढून टाका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला तरी होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. म्हणजे गावच्या चावडीवर दहा माणसे बसली असतील तर त्यात दोघे असणारच.

मुळीची खरी गोष्ट

दादांनी मुळीवर विश्वास ठेवला म्हणून मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. कारण सर्पगंधेची गोष्ट खरीच आहे, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. फक्त ती पुरी ऐकली पाहिजे.

सर्पगंधा हे हातभर उंचीचे झुडूप. औषधी गुण असतो तो मुळीत, विशेषतः मुळीच्या सालीत. आपल्या देशात ही मुळी शेकडो वर्षांपासून वापरात होती. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी, झोपेसाठी, अनेक ठिकाणी सर्पदंशावरही. (सर्पदंशावर तिचा उपयोग नाही, हे येथेच सांगून ठेवतो. साप चावला तर थेट दवाखाना आणि विषावरील लस, दुसरे काही नाही.) १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. त्याच साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे लिहिले.

पुढचे काम आपल्या मुंबईत झाले. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या रोग्यांना सर्पगंधा देऊन पाहिली, आकडे टिपून ठेवले, आणि १९४९ साली विलायतेच्या हृदयरोगावरील नियतकालिकात आपला निबंध छापला. वाढलेला रक्तदाब औषधाने खाली आणता येतो यावर त्या काळी पाश्चात्य डॉक्टरांचा फारसा विश्वास नव्हता. वकिलांच्या निबंधाने जगाचे लक्ष या हिंदुस्थानी मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेझरपीन. त्याच्या गोळ्या जगभर गेल्या. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा की मुळी इतकी गुणी, तर डॉक्टर आज ती का देत नाहीत? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण शेतकऱ्याला लगेच पटेल. एकाच वाणाचा ऊस, पण तुमच्या रानातला उतारा वेगळा आणि शेजाऱ्याचा वेगळा. हळदीतला कुर्कुमीनचा अंशही जमिनीप्रमाणे, वाणाप्रमाणे, काढणीच्या वेळेप्रमाणे बदलतो. मुळीचेही तसेच. ती किती महिन्यांची, कोणत्या रानातली, केव्हा खणली, कशी वाळवली, त्यावर तिच्यातले औषध कमी-जास्त होते. म्हणजे चिमूटभर चूर्णात आज थोडे, उद्या दुप्पट. आणि बाजारातली पुडी खरोखर सर्पगंधेचीच आहे हे कोण सांगणार? आता सर्पगंधा रानात विरळ झाली आहे, तिच्या परदेशी व्यापारावरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. अशा दुर्मिळ मुळीचे चूर्ण आठवडी बाजारात ढिगाने मिळत असेल, तर ते कशाचे आहे हा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरे कारण असे की शुद्ध रेझरपीनलाही खोड निघाली. नाक चोंदणे, अंगात मरगळ येणे हे तर होतेच. पण काही रोग्यांचे, विशेषतः मात्रा जास्त झाल्यास, मन उदास होऊ लागले. माझ्या वडिलांना ऐंशीच्या दशकात याच जातीची गोळी होती. बापू संध्याकाळी ओट्यावर मुक्याने बसून राहायचे ते मला आठवते. ते गोळीमुळे होते की सततच्या नापिकीमुळे, हे आज सांगता येणार नाही. पुढे अधिक सोसवणारी औषधे आली आणि रेझरपीन मागे पडले. जुने वाण चांगले होते, पण रोगाला बळी पडायचे म्हणून आपण नवे वाण घेतले, तसेच हे. मुळीने रस्ता दाखवला. त्या रस्त्याने पुढे गेल्यावर आजची गोळी सापडली.

आजच्या गोळ्या काय करतात?

सरकारी दवाखान्यात रक्तदाबासाठी साधारणपणे तीन औषधे मिळतात. पुन्हा ठिबकचेच उदाहरण घेऊ.

ॲम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करते. नळी रुंद झाली की दाब आपोआप उतरतो.

टेल्मिसार्टन वेगळ्या वाटेने जाते. आपल्या मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावरून शरीरात एक द्रव्य तयार होते आणि ते रक्तवाहिन्यांना आवळते, जणू कुणी वॉल्व्ह पिळावा. ही गोळी तो पिळणारा हात धरून ठेवते.

क्लोरथॅलिडोन जास्तीचे मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. टाकीतले पाणी कमी झाले की नळीवरचा ताण कमी होतो. ही गोळी सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री उठावे लागते.

बहुधा एका औषधाने सुरुवात होते. तेवढ्याने आकडा उतरला नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरे औषध जोडतात. दोन गोळ्या सांगितल्या म्हणजे रोग हाताबाहेर गेला असे नाही. एका बैलाने न ओढणारी गाडी दोन बैल सहज ओढतात.

आता दादांची फसगत कुठे झाली ते पाहा. ॲम्लोडिपिन रक्तात फार वेळ टिकते. पुरा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सोडल्यावर ते निघून जायलाही बरेच दिवस लागतात. म्हणून गोळी सोडली की पहिले चार दिवस काहीच वाटत नाही. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय चाललंय." जमिनीत ओल आहे तोवर पीक हिरवे दिसते, पाळी चुकल्याचे नंतर कळते, तसा हा प्रकार. आकडा हळूहळू चढतो, आणि चढल्याचे कळतही नाही.

फवारणी आणि पाणी यात फरक आहे. फवारणी कीड आली की करायची, गेली की थांबवायची. पाण्याचे तसे नाही. पीक टवटवीत दिसले म्हणून पाणी तोडणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. रक्तदाबाची गोळी ही फवारणी नव्हे, पाण्याची पाळी आहे. आकडा खाली आला तो गोळी चालू आहे म्हणून. वजन घटले, मीठ कमी झाले आणि आकडा फारच उतरला तर डॉक्टर मात्रा कमी करतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. काही दुसऱ्या जातीच्या गोळ्या, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल, एकाएकी सोडल्या तर हृदयावरच ताण येतो.

गोळीची खोड ओळखा

गुण आहे तिथे खोडही असते. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला, पावलाला सूज येते. कुणाच्या हिरड्या फुगतात, कुणाचे सुरुवातीला डोके दुखते. यातले काही झाले तर गोळी टाकून न देता डॉक्टरांना दाखवा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. एनालाप्रिल नावाची गोळी असेल आणि कोरडा खोकला लागला असेल तर तेही सांगा. त्या गोळीने असा खोकला होतो.

टेल्मिसार्टन आणि एनालाप्रिल या गोळ्या गरोदर बाईने घ्यायच्या नाहीत. पोटातल्या बाळाला अपाय होतो. दिवस राहिले की किंवा तसा विचार असला की लगेच सांगावे. गरोदरपणात रक्तदाब वाढला तर त्यासाठी वेगळी औषधे आहेत.

जुलाब-उलट्या चालू असतील, किंवा वैशाखाच्या उन्हात अंगातले पाणी आटले असेल, तर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडावर ताण येण्याची वेळ ती हीच.

आणि एक गोष्ट मी जाड अक्षरांत लिहिली असती. अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर सोयाबीन काढायची, संध्याकाळी किराणा दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची आणि झोपायचे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सतत घेतल्या तर रक्तदाब वाढतो, बी.पी.च्या औषधाचा गुण कमी होतो आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. अशी गोळी रोज लागत असेल तर ती कोणती, हे डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

वहिनींचा आकडा

दादा दवाखान्यातून घरी आल्यावर मी ठरवले की आता घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा. उपकेंद्रात घेऊन गेलो. वहिनी मागे उभ्या. "मला काय धाड भरलीय, भावजी? ह्यांचं बगा आधी." मी आग्रह केला. पाच मिनिटे शांत बसवले, दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १७२ आणि १०४. परत मोजले, तेवढाच. चार दिवसांनी मोजले, तेवढाच. दादांचा पहिला आकडा जेवढा होता त्याहून जास्त.

धाकटे लेकरू झाले त्यानंतर, म्हणजे सव्वीस वर्षांत, या बाईचा रक्तदाब कुणी मोजलेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षे त्या दुकानातली गोळी खात होत्या, तेही आम्हाला तेव्हाच कळले. घरातला पुरुष पडला म्हणून सगळे त्याच्याकडे धावलो. त्याला उचलणारी बाई त्याच वाटेवर होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषांना माझी विनंती आहे. बैलजोडीला लाळ्या-खुरकुताची लस कधी दिली ते तुम्हाला तारखेसह आठवते. घरच्या लक्ष्मीचा रक्तदाब शेवटी कधी मोजला, हे आज रात्री तिला विचारा.

कुठे जायचे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा रक्तदाब मोजावा. गावच्या आशाताईंकडे यासाठी भरायचा कागद असतो. उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून मिळतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले आहेत. बाहेरून घ्यावी लागली तरी जनऔषधी दुकानात ॲम्लोडिपिनची गोळी एका चहापेक्षा स्वस्त पडते.

मोजायला जाताना आधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. पाच मिनिटे टेकून बसावे, पाय जमिनीवर, हात आधारावर, आणि मोजताना बोलू नये. आकडा तोंडी ऐकून येऊ नका, कागदावर लिहून घ्या.

खेड्यात हे जमत नाही असे कुणी म्हणेल. पण आपल्याच राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या चार जिल्ह्यांत २०१८ च्या सुमारास रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पद्धत साधी होती. मोजकी ठरलेली औषधे, प्रत्येक रोग्याची नोंद, महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणि त्याही शक्य तितक्या घराजवळ, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. पुढे तो उपक्रम देशभर पसरला आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याचा गौरव केला. त्यात मोठी यंत्रे नव्हती. वही होती, गोळी होती आणि आठवण करून देणारे माणूस होते. ही तिन्ही आपल्या घरातही असू शकतात.

मीठ, तंबाखू आणि चूल

गोळी चालू झाली म्हणजे बाकी सारे मोकळे असे नाही. खारवट जमिनीत कितीही खत टाका, पीक खुरटते. शरीरातही मीठ साठले की गोळीचा जोर कमी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, सगळ्या अन्नातले मिळून पुरे. आपल्याकडे भाजीत मीठ, पिठात मीठ, ठेच्यात मीठ, शिवाय लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि ताटात वरून वेगळी चिमूट. घरातल्या सुगरणीने ताटातले वरचे मीठ बंद केले तरी मोठे काम होते. ठेच्याला लिंबू पिळा, लसूण वाढवा. चव जात नाही. महिनाभरात जिभेला सवय होते.

तंबाखू आणि बिडी रक्तवाहिन्या आवळतात. दारू रक्तदाब वाढवते. शेतात राबतो म्हणून वेगळा व्यायाम नको, हे ऐन हंगामात खरे. पण उन्हाळ्यात पारावर बसून गेलेल्या दिवसांचे काय? त्या दिवसांत सकाळी शिवारापर्यंत पायी जाऊन यावे.

तोंड, हात, बोलणे

शेवटची गोष्ट, जी मला त्या वेळा अमावास्येला ठाऊक असायला हवी होती. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे जड झाले, यातले एक जरी दिसले तर तो अर्धांगवायू समजा. झोपू देऊ नका, वाट पाहू नका. घड्याळ बघून वेळ लिहा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा फोटोही काढावा लागतो. तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि "बी.पी. वाढला असेल" म्हणून घरातली गोळी आपल्या मनाने देऊ नका. आम्ही आंबीलीवर विनोद करत बसलो तेव्हा ते साडेचार तास निघून गेले.

आज दादा काठी घेऊन बांधापर्यंत जातात. उजव्या हाताने भाकरी मोडता येते, खुरपे धरता येत नाही. बोलणे बरेच सुधारले आहे. देवघराजवळच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. रात्रीचे जेवण झाले की वहिनी दोघांच्या गोळ्या काढतात आणि दादा डाव्या हाताने त्या दिवसावर दोन रेघा मारतात, एक स्वतःची, एक वहिनींची. मी गावी गेलो की आधी ते कॅलेंडर बघतो, मग चहा घेतो. गेल्या खेपेला वहिनींचा आकडा १३४ आणि ८२ होता.

"आता बरं वाटायलंय, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच सोडायची नाही," माझ्याआधी दादाच बोलले.